अच्युत पोतदार : जबलपूरचा जन्म, इंदूरचं बालपण आणि सव्वाशे चित्रपटांतली ‘छोटी’ कामं

शाहपुर (जि. बुऱ्हाणपूर) : नुसतं ‘अच्युत पोतदार’ म्हटलं तर बरेच जण विचारात पडतात. ‘थ्री इडियट्स’मध्ये मशीनची व्याख्या विचारणारे प्रोफेसर म्हटलं, की ‘अरे हां, ते!’ असं लगेच उत्तर येतं. घरी संध्याकाळी मराठी मालिका लावणाऱ्यांना ते ‘माझा होशील ना’मधले आप्पा म्हणून ठाऊक आहेत. हे प्रोफेसर आणि हे आप्पा एकच, हे मात्र अनेकांना १८ ऑगस्ट २०२५ ला त्यांच्या निधनाची बातमी आली तेव्हा कळलं. आणि हा माणूस मूळ मध्य प्रदेशातल्या मराठी घरातला, हे तर त्याहूनही कमी लोकांना ठाऊक होतं.

२२ ऑगस्ट १९३४ चा त्यांचा जन्म. गाव जबलपूर. वाढले इंदुरात. अर्थशास्त्राची पदवी घेतली, रीवा इथे प्राध्यापकी केली, मग सैन्यात गेले आणि कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर इंडियन ऑइलमध्ये जवळपास २५ वर्षं अधिकारी. चित्रपटात आले ते पंचेचाळिशीच्या आसपास. तिथून पुढे सव्वाशेहून जास्त चित्रपट, ९५ मालिका, २६ नाटकं आणि ४५ जाहिराती, असा त्यांच्या कामाचा हिशेब सांगितला जातो. या एवढ्या कामात नायकाची भूमिका शोधायला गेलं तर हाताला काही लागत नाही.

जबलपूर, इंदूर, रीवा

ही तीन गावं आज एकाच राज्यात आहेत, म्हणून नजर सहज पुढे सरकते. पण पोतदार लहान होते तेव्हा ही तीन वेगवेगळी जगं होती. जबलपूर ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात, जिथे आपला बुऱ्हाणपूर-निमाडचा भागही होता आणि ज्याची राजधानी नागपूर होती. इंदूर होळकरांचं संस्थान. रीवा हे बघेलखंडातलं वेगळं संस्थान, स्वातंत्र्यानंतर विंध्य प्रदेशाची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. मराठी जिल्हे आणि नागपूर तिकडे गेले आणि मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ जोडून आजचा मध्य प्रदेश उभा राहिला. पोतदार तेव्हा बावीस वर्षांचे होते.

अशा फेररचनेत मराठी घरं नकाशाच्या अलीकडे-पलीकडे राहून गेली. शाहपुरच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. इच्छापूर ओलांडलं की महाराष्ट्र, पण शाळेची पुस्तकं हिंदी, सरकारी अर्ज हिंदी, आणि घरात, शेतात, लग्नाच्या मांडवात मराठी. जबलपूर-इंदूरची मराठी घरं इथल्यापेक्षा वेगळी. ती होळकर-भोसल्यांच्या काळापासून नोकरी-चाकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेल्यांची, बोली शहरी, आपल्यासारखी शेतीवाडीची नाहीत. तरी दोन भाषांत एकाच दिवसात दहादा ये-जा करायची सवय सारखीच.

नटाच्या दृष्टीने ही सवय म्हणजे भांडवल. मुंबईच्या मराठी रंगभूमीवरून हिंदीत गेलेल्या कित्येक चांगल्या नटांच्या हिंदीला मराठी वळण राहिलं आणि त्यांना भूमिकाही तशाच मिळत गेल्या. पोतदारांची हिंदी ऐकली तर ती मध्य प्रदेशातल्या सुशिक्षित माणसाची वाटते. साफ, शब्द तोडून बोललेली, किंचित मास्तरी. मराठी बोलले की त्यात हिंदीचा वास नाही. म्हणून हिंदी चित्रपटात ते ‘मराठी पात्र’ म्हणून अडकले नाहीत आणि मराठी मालिकेत परके वाटले नाहीत.

नावाचं मात्र हिंदी पट्ट्यात व्हायचं ते झालं. ‘पोतदार’चा ‘पोद्दार’ सहज होतो. आपल्याकडे पोतदार म्हणजे गावगाड्यात नाणी पारखणारा, खजिन्याचा हिशेब ठेवणारा. दोन्ही आडनावांचं मूळ एकच, पण हिंदीभाषक वाचणाऱ्याला पोद्दार म्हटलं की मारवाडी शेठजी आठवतो.

वर्गातून छावणीत, छावणीतून कचेरीत

१९६१ मध्ये अर्थशास्त्रात विद्यापीठात पहिले येऊन सुवर्णपदक मिळवलं. त्यानंतर रीवाला प्राध्यापकी. पुढे सैन्यदलात गेले आणि १९६७ मध्ये कॅप्टन पदावरून बाहेर पडले. मग इंडियन ऑइल. तिथून १९९२ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी नियमाप्रमाणे सेवानिवृत्ती.

पडद्यावर त्यांनी पुढे जी माणसं उभी केली, त्यातली बरीचशी या तीन नोकऱ्यांत भेटलेली असणार असं वाटत राहतं. फळ्यापुढे उभा राहून उत्तराची वाट बघणारा मास्तर, ताठ मानेचा अधिकारी, फाइलवर सही करण्याआधी चष्म्यावरून बघणारा साहेब. या भूमिकांसाठी त्यांना कुठे वेगळं शिकायला जावं लागलं नाही.

अभिनयाची सुरुवात कंपनीतल्या नाटकांतून आणि सांस्कृतिक कार्यक्रमांतून झाली. त्या काळी मुंबईत बँका, विमा, तेल कंपन्या, सरकारी खाती यांची आपापली नाटक मंडळं होती आणि कचेऱ्याकचेऱ्यांमध्ये स्पर्धा व्हायच्या. मराठी आणि हिंदी पडद्याला मिळालेले कितीतरी नट या वाटेने आले. शिवाजी साटम सेंट्रल बँकेत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. ‘वागळे की दुनिया’ गाजवणारे अंजन श्रीवास्तव अलाहाबाद बँकेत नोकरी करत होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. आज ऑडिशनसाठी घर-गाव सोडून अंधेरीत खोली घेणाऱ्या मुलांना हे विचित्र वाटेल, पण त्या पिढीत नोकरी टिकवून नाटक करणं हीच रीत होती.

‘आक्रोश’पासून

१९८० हे त्यांच्या चित्रपटकामाचं पहिलं ठळक वर्ष. त्या वर्षी गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ आणि सईद मिर्झांचा ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ हे दोन चित्रपट आले. दोन्हींत पोतदार आहेत. ‘आक्रोश’ची कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलेल्या आणि तोंडातून शब्द न काढणाऱ्या लहान्या भिकू या आदिवासीची ती गोष्ट. १९८१ च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णमयूर मिळाला. १९८३ मध्ये निहलानींचाच ‘अर्धसत्य’ आला. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, ओम पुरींचा अनंत वेलणकर, सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी. त्याही चित्रपटात पोतदार होते.

हा समांतर चित्रपटांचा काळ. पैसा थोडा असायचा, तारे परवडायचे नाहीत, आणि दिग्दर्शकांना पडद्यावर खरी वाटणारी माणसं हवी असायची. नाटकातले, नोकरीपेशातले, पंचेचाळिशी गाठलेले चेहरे या चित्रपटांना कामाचे होते. पाच-दहा वर्षं आधी पोतदारांनी स्टुडिओचे उंबरे झिजवले असते तर त्यांना कोणी आत घेतलं असतं का, याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असंच आहे. ते आले तेव्हा दार नुकतंच किलकिलं झालं होतं.

दूरदर्शनमुळे पुढचं दार उघडलं. श्याम बेनेगल यांच्या ५३ भागांच्या ‘भारत एक खोज’मध्ये आणि आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतल्या सामान्य माणसावर बेतलेल्या ‘वागळे की दुनिया’मध्ये त्यांनी काम केलं. ‘वागळे’ १९८८ चा. एका चॅनेलच्या त्या दिवसांत मालिकेत दिसलेला माणूस गावोगाव ओळखीचा व्हायचा, मग त्याचं नाव कोणाला माहीत असो वा नसो.

व्यावसायिक चित्रपटांत एन. चंद्रा यांचा ‘तेजाब’ (१९८८) आणि विधू विनोद चोप्रा यांचा ‘परिंदा’ (१९८९) ही त्यांच्या नोकरीच्या काळातलीच कामं. म्हणजे जवळपास बारा वर्षं इंडियन ऑइलची नोकरी आणि चित्रीकरण जोडीने चाललं होतं.

पुन्हा बोलावणं येणं

सहायक नटाच्या कारकिर्दीचं मोजमाप कसं करायचं, हा अवघड प्रश्न आहे. पोस्टरवर चेहरा नसतो. पुरस्कार क्वचित. समीक्षणात एखादी ओळ आली तर आली. एक खूण मात्र पक्की धरता येते. तोच माणूस पुन्हा बोलावतो का?

पोतदारांच्या बाबतीत ही खूण स्पष्ट दिसते. निहलानींनी ‘आक्रोश’नंतर ‘अर्धसत्य’ला घेतलं. चोप्रांच्या ‘परिंदा’नंतर त्यांच्याच निर्मितीतल्या ‘परिणीता’ (२००५), ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) आणि ‘थ्री इडियट्स’ (२००९) या तिन्ही चित्रपटांत पोतदार दिसतात. त्यातले शेवटचे दोन राजकुमार हिरानी यांचे. हिरानी मूळचे नागपूरचे. त्यांच्यासोबत सहदिग्दर्शक म्हणून काम केलेल्या राजेश मापुसकरांनी २०१६ मध्ये ‘व्हेंटिलेटर’ हा मराठी चित्रपट केला, शंभराहून अधिक पात्रांचा. त्यातही पोतदार आहेत. एका चित्रपट-घराशी सत्तावीस वर्षं टिकलेलं हे नातं आहे, आणि या व्यवसायात ते फक्त ओळखीवर टिकत नाही. वेळेवर येणारा, ओळी पाठ असलेला, दुसऱ्याच्या क्लोजअपलाही तेवढ्याच मनापासून समोर उभा राहणारा माणूस सगळ्यांना हवा असतो.

निवृत्तीनंतर काम वाढलं. ‘राजू बन गया जंटलमन’ (१९९२), ‘दिलवाले’ (१९९४), ‘वास्तव’ आणि ‘हम साथ साथ हैं’ (दोन्ही १९९९), ‘दबंग २’ (२०१२). दिग्दर्शकांची नावं पाहिली तर अजीज मिर्झांपासून सूरज बडजात्यांपर्यंत. एकमेकांशी काही संबंध नसलेली ही माणसं.

यातला एक चित्रपट थांबून बघण्यासारखा आहे, तो ‘रंगीला’ (१९९५). नायिका मिली जोशी, मुंबईतल्या मध्यमवर्गीय मराठी घरातली, सिनेमात नाचायची स्वप्नं बघणारी मुलगी. आई रीमा लागू, वडील अच्युत पोतदार. चित्रपट ऊर्मिला मातोंडकरचा, आमीर खानचा आणि ए. आर. रहमानच्या संगीताचा, यात वाद नाही. पण मिली वेगळी उठून दिसते ती तिच्यामागे असलेल्या त्या घरामुळे. हिंदी चित्रपटातला बाप तोवर बहुतेकदा एक तर गरजणारा असायचा, नाही तर हुंदके देणारा. हा बाप साधा घरातला माणूस आहे. पोतदारांनी त्यात काही ‘केलेलं’ दिसत नाही, म्हणूनच ते घर खरं वाटतं.

पैशाची बाजू

छोट्या भूमिका करणाऱ्यांचं अर्थकारण प्रेक्षकाला सहसा दिसत नाही. मालिकेत सहायक कलाकाराला बहुतेक वेळा दिवसाच्या हिशेबाने मानधन ठरतं. महिन्यात किती दिवस बोलावलं जाईल हे कथानकावर. आणि केलेल्या कामाचे पैसे हातात यायला तीन महिने लागणं ही मालिकांच्या धंद्यातली नेहमीची पद्धत. भूमिका मध्येच संपली, पात्र ‘गावी गेलं’, की कमाई बंद. प्रॉव्हिडंट फंड नाही, निवृत्तिवेतन नाही. म्हातारपणी औषधपाण्यासाठी मदतीची हाक द्यावी लागलेल्या चरित्र अभिनेत्यांच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतच असतात.

पोतदारांच्या कारकिर्दीकडे या बाजूने पाहिलं तर तिचा आकार नीट कळतो. त्यांनी ५८ वर्षं पूर्ण होईपर्यंत नोकरी सोडली नाही. त्यामुळे पुढची तीस वर्षं घर चालवायला म्हणून भूमिका घ्यायची पाळी त्यांच्यावर आली नाही. ‘उशिरा आले म्हणून मोठ्या भूमिका हुकल्या’ असं त्यांच्याबद्दल म्हणता येईल, पण उशिरा आल्यामुळेच ते नव्वदीपर्यंत टिकले हेही तितकंच खरं. गावाकडून मुंबईला जायला निघालेल्या पोरापोरींनी आणि त्यांच्या आईबापांनी ही बाजूही विचारात घ्यायला हरकत नाही.

एका वर्गातला प्रसंग

२५ डिसेंबर २००९ ला ‘थ्री इडियट्स’ लागला तेव्हा पोतदार पंच्याहत्तरीचे होते. चित्रपटात त्यांचं काम काही मिनिटांचं.

प्रोफेसर वर्गात मशीनची व्याख्या विचारतात. रँचो आपल्या भाषेत सांगतो, की माणसाचे कष्ट कमी करते ती प्रत्येक गोष्ट मशीन. पंखा, फोन, पेन, अगदी पँटची चेनसुद्धा. प्रोफेसरांना हवी असते पुस्तकातली व्याख्या. ती चतुर घडाघडा म्हणतो आणि शाबासकी घेतो. रँचोला वर्गाबाहेर काढलं जातं. तो परत येतो, काहीतरी विसरलंय म्हणतो. काय विसरलं, तर ‘पुस्तकं’ न म्हणता तो पुस्तकाची भलीमोठी पुस्तकी व्याख्या सुनावतो. त्यावर वैतागून प्रोफेसर विचारतात, ‘अरे, कहना क्या चाहते हो?’

चार-पाच शब्दांची ओळ. कागदावर तिच्यात विनोद नाहीच. विनोद आहे तो पोतदारांच्या चेहऱ्यावर. हा मास्तर दुष्ट नाही. तो खरोखर गोंधळलाय. समोरचा पोरगा आपली टर उडवतोय की आपल्याच भाषेत उत्तर देतोय, हे त्याला कळत नाही. पोतदारांनी तो खलनायकासारखा केला असता तर प्रसंग आमीर खानचा झाला असता. त्यांनी तो प्रामाणिक ठेवला, म्हणून तो दोघांचा झाला. रीवाच्या वर्गात फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला विद्यार्थ्याच्या आडव्या उत्तराने होणारी पंचाईत नवी नसावी.

चित्रपट थिएटरमधून उतरला आणि काही वर्षांनी ही ओळ मोबाइलवर जिवंत झाली. पुढाऱ्याचं भाषण लांबलं, बँकेची नोटीस समजली नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी कोड्यात बोललं, की खाली पोतदारांचा तो चेहरा. बुऱ्हाणपूरपासून रावेर-मुक्ताईनगरपर्यंत ज्या पोरांना ‘अर्धसत्य’ ऐकूनही माहीत नाही, त्यांच्या फोनमध्ये त्या चित्रपटातला हा नट स्टिकर होऊन बसलाय. आयुष्यभराच्या कामातून लोकांनी नेमका एवढाच तुकडा उचलावा, यात थोडा अन्यायही आहे. पण कित्येक नायकांच्या वाट्याला एवढंही आलेलं नाही.

आप्पा, आणि ६५ वर्षांची अट

हिंदी मालिकांत ‘मिसेस तेंडुलकर’, ‘अमिता का अमित’ अशी कामं चालूच होती. मराठी घरांत मात्र ते पक्के जाऊन बसले ते झी मराठीवरच्या ‘माझा होशील ना’मुळे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही मालिका. आदित्य (विराजस कुलकर्णी) आणि सई (गौतमी देशपांडे) यांची जोडी, आदित्यला वाढवणारे चार मामा आणि घरातले सगळ्यांत वडीलधारे आप्पा. बायकांशिवाय चाललेल्या त्या पुरुषांच्या घरात आप्पांचा शब्द शेवटचा. पंच्याऐंशीचा नट रोजच्या मालिकेत, हे एरवीही कौतुकाचं. त्यात मालिका सुरू होऊन काही दिवस झाले नाहीत तोच लॉकडाऊन लागला.

मे २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली, पण ६५ वर्षांवरच्या कलाकार-तंत्रज्ञांनी सेटवर यायचं नाही अशी अट घातली. ही अट मोठ्या ताऱ्यांपेक्षा आजी-आजोबा, वकील, जज, मास्तर अशी कामं करून दिवसाच्या मानधनावर जगणाऱ्या ज्येष्ठांच्या मुळावर येणारी होती. चाळीस वर्षं छोट्या भूमिका करत आलेल्या सत्तरीच्या एका कलाकारानेच मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. बाकीच्या व्यवसायांत या वयाच्या माणसाला दुकान उघडायला बंदी नाही, मग आम्हालाच का, एवढा साधा सवाल होता. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने ती अट रद्द केली. उपजीविकेच्या हक्काचा हा निकाल छोट्या नटांच्या जगात फार मोलाचा मानला जातो.

‘माझा होशील ना’ २०२१ मध्ये संपली. आप्पा मात्र लोकांच्या तोंडी राहिले. नेहमीप्रमाणे भूमिकेच्या नावाने.

अखेर

अच्युत पोतदार यांचं १८ ऑगस्ट २०२५ ला ठाण्यात निधन झालं. बातम्यांत वय ९१ छापून आलं. जन्मतारखेच्या हिशेबाने ९१ पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी ठाण्यातच अंत्यसंस्कार झाले. हिंदी वाहिन्यांनी त्या संध्याकाळी ‘थ्री इडियट्स’चा वर्ग दाखवला, मराठी वाहिन्यांवर ‘माझा होशील ना’चे आप्पा होते, आणि सीमेच्या अलीकडे, जिथे एकाच टीव्हीवर दोन्ही भाषांतल्या वाहिन्या लागतात, तिथे दोन्ही बघायला मिळाले.